पत्ता बदलला, हा गुन्हा?



परवा एका घरी जेवताना रोबोडेटचा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "सरकारचे पैसे घेता, मग साधा पत्ता कळवता येत नाही?" चार-पाच माना डोलल्या. मीही गप्प बसलो. ते चुकलंच, म्हणून हे लिहितो आहे.

नियम साधा आहे. सेंटरलिंकचा भत्ता चालू असेल तर बदललेला पत्ता १४ दिवसांत कळवायचा. त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१६ साली सुरू झालेल्या या वसुलीने २०१०-११ पर्यंतची जुनी वर्षं उकरून काढली. कित्येकांचा भत्ता केव्हाच बंद झाला होता. नोकरी लागली, गाव बदललं. भत्ताच नाही, तर पत्ता कोण कळवत बसेल? पत्रं मात्र दप्तरातल्या जुन्या पत्त्यावर गेली. २१ दिवसांत उत्तर आलं नाही, की संगणक वर्षाच्या कमाईला २६ पंधरवड्यांनी भागून मोकळा! वर अनेकांना १० टक्के वसुली-आकार. काहींना कर्जाची पहिली बातमी वसुली एजंटकडूनच कळली.

सहा महिने बेकार आणि सहा महिने नोकरीत असलेला माणूस या हिशेबात वर्षभर कमावता ठरतो. माझ्या प्रयोगशाळेत कुणी सरासरीवरून रोजची रीडिंग्ज 'काढली', तर मी वही परत करीन. इथे सरकारने त्यावर बिलं पाठवली! उत्तर न येण्याचा अर्थ 'पत्र पोचलंच नाही' असाही असू शकतो, हे आरडाओरडा होईपर्यंत सुचलं नाही. २०१७ साली रजिस्टर्ड पोस्ट सुरू झालं. म्हणजे ते आधीही शक्य होतं. ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, हे २०२३ साली कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनने स्पष्ट सांगितलं.

"आपला काय संबंध?" असं म्हणू नका. चाइल्ड केअर सबसिडी आणि फॅमिली टॅक्स बेनिफिट आपणही घेतो, त्याच सरकारी खात्याकडून. पोस्टडॉकच्या काळात चार वर्षांत मी तीन भाड्याची घरं बदलली. पत्ता कळवायचा राहिला आणि एक सरकारी लिफाफा नव्या भाडेकरूने महिन्याभराने आणून दिला. माझं निभावलं, कारण पगार चालू होता. ज्याचा नसतो, तोच जास्त घरं बदलतो.

कायमचा पत्ता ही चैन आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराला हे सांगावं लागत नाही. घराचे हप्ते फेडणाऱ्या आपल्याला सांगावं लागतं.

तेव्हा आजच मायगव्ह उघडा, पत्ता तपासा. शेजारच्या आजी-आजोबांचाही तपासून द्या. आणि पुढच्या वेळी जेवताना कुणी तोच प्रश्न विचारला, तर मान डोलावण्याआधी एवढंच विचारा: पत्र पोचलं की नाही, हे बघण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची नाही का?