घसरणीचा भुर्दंड कोणाच्या माथी?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील वीस संघांपैकी तळाचे तीन संघ हंगामाअखेर खालच्या श्रेणीत ढकलले जातात. खेळाच्या दृष्टीने हा न्याय रास्तच आहे. परंतु दूरचित्रवाणी-हक्कांचे उत्पन्न वरच्या श्रेणीत एकवटले असल्यामुळे एका अपयशी हंगामाने क्लबची आवक कोसळते. खेळाडूंशी केलेले वेतनकरार मात्र बहुधा शिल्लकच राहतात.

लीड्स युनायटेडचे उदाहरण बोलके आहे. २००१ साली हा क्लब युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. यश कायमचे गृहीत धरून संचालकांनी भावी तिकीटविक्रीच्या तारणावर सहा कोटी पौंडांचे कर्ज उभारले. २००४ मध्ये संघ घसरला. त्याच वर्षी मैदान विकावे लागले आणि २००७ मध्ये कारभार प्रशासकांच्या हाती गेला. इंग्लिश फुटबॉलच्या नियमानुसार अशा वेळी खेळाडूंची व अन्य क्लबांची देणी पूर्ण चुकवावी लागतात. कर खात्यासह उरलेल्या धनकोंच्या वाट्याला पौंडामागे मोजकेच पेन्स आले. सट्टा संचालकांचा, भुर्दंड समाजाचा!

घसरलेल्या क्लबांना लीग काही वर्षे ‘पॅराशूट’ रक्कम देते. परंतु त्यामुळे खालच्या श्रेणीत नवी विषमता निर्माण होते आणि इतर क्लब बरोबरी साधण्यासाठी कर्जाच्या मागे लागतात. जर्मनीत क्लबच्या मताधिकाराचे बहुमत सर्वसाधारणपणे सभासदांच्या संस्थेकडे राखण्याचा नियम आहे. उत्पन्नाच्या न्याय्य वाटणीला अशा लोकशाही नियंत्रणाची जोड मिळाली, तरच पराभव मैदानापुरता मर्यादित राहील.