लाखोळीतले विष घटले, नियमावलीतले नाव मात्र कायम

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात कापणीला दहा-पंधरा दिवस उरले, की शेतकरी बांधीतील उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकतो. नांगरणी नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून होईपर्यंत बी रुजलेले असते आणि मातीत उरलेल्या ओलीवर पुढचे पीक निघते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात आणि लाखोळीला ‘तिवरा’. दाणा माणसाला, कुटार गुरांना आणि नत्र जमिनीला, असा हा जवळपास बिनखर्चाचा व्यवहार आहे. मात्र ज्या पिकावर कोरडवाहू शेतकऱ्याने एवढा भरवसा ठेवला, ते पीक गेली सहा दशके भारतीय अन्नकायद्याच्या लेखी संशयित आहे.

दुसरीकडे, महानगरांतील गाड्यांवर मिळणाऱ्या रगड्याचा वाटाणा मोठ्या प्रमाणावर कॅनडा किंवा रशियातून येतो. बाजारात पांढरा किंवा पिवळा म्हणून ओळखला जाणारा हा वाटाणा आणि लाखोळी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जवळची भावंडे आहेत. एकाला बोटीने आणून मोकळी वाट दिली जाते, तर दुसऱ्याला गावच्या बाजारातही संकोचाने विकावे लागते. या दोन्ही पिकांवर जगभर गंभीर संशोधन झाले आहे. त्याचे फळ शेतापर्यंत आणि कायद्यापर्यंत पोहोचले का, हा खरा प्रश्न आहे.

दुष्काळात तगणारे पीक

लाखोळीविषयीची भीती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात ‘त्रिपुट’ नावाचे कडधान्य माणसाला लंगडे करते, असा उल्लेख आहे. ‘कलायखंज’ हा रोगही आयुर्वेदाला ठाऊक होता. मध्य भारतातील ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांनी सागर-दमोह भागातील जे वर्णन करून ठेवले आहे, ते या रोगाचे मर्म सांगणारे आहे. १८२९ पासून सलग तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि रोग यांनी तेथील गहू गेला. तगली ती फक्त लाखोळी. लोकांनी तीच खाल्ली आणि १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुणांचे पाय निकामी होऊ लागले.

येथे विष आणि उपासमार यांची सांगड दिसते. इतर पिके जळतात तेव्हा लाखोळी उभी राहते, म्हणूनच तिच्यावर एकट्यावर जगण्याची वेळ येते. तीन-चार महिने रोजच्या आहाराचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोळीचा असेल, तर ‘लॅथिरिझम’चा धोका संभवतो, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. आठवड्यातून कधीतरी वाटीभर वरण खाणाऱ्याची आणि दिवसातून दोनदा लाखोळीचीच भाकर खाणाऱ्याची तुलना होऊ शकत नाही. मध्य प्रदेशातील रीवा भागात शेतमजुरांना मजुरीच लाखोळीच्या रूपाने दिली जाई. पंगुत्व मजुरांच्या वस्तीत शिरले आणि मालकाच्या वाड्याबाहेर राहिले, त्याचे कारण हेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, रुमानियाच्या ताब्यातील वाप्निआर्का छावणीत ज्यू कैद्यांना मुख्यतः लाखोळीच खाऊ घालण्यात आली. तेथेही शेकडो कैदी पंगू झाले.

या रोगावर आजही इलाज नाही. आधी एका काठीचा आधार लागतो, मग दोन काठ्यांचा, आणि अखेरीस माणूस जमिनीवरून सरपटू लागतो. बुद्धी शाबूत राहते, आयुष्यही फारसे घटत नाही. पाय मात्र परत मिळत नाहीत. म्हणूनच ‘आमचे आजोबा आयुष्यभर खात होते, काही झाले नाही’ हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही.

विषाचा शोध आणि ‘रतन’

या पंगुत्वामागील रसायनाचा छडा भारतीय शास्त्रज्ञांनीच लावला. १९६४ मध्ये बंगळुरू आणि दिल्ली येथील संशोधकांच्या दोन गटांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. आज ते ‘ओडॅप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. मज्जापेशींना संदेश देणाऱ्या ग्लुटामेट या नैसर्गिक द्रव्याची ते नक्कल करते. पेशी अतिउत्तेजित होऊन मरतात आणि पायांच्या हालचालींचे नियंत्रण जाते.

शत्रूचे नाव कळल्यावर पैदासकारांचे काम सुरू झाले. स्थानिक वाणांत ओडॅपचे प्रमाण साधारणतः ०.२ ते ०.५ टक्के, कधी त्याहूनही अधिक आढळते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ऊतिसंवर्धनातून निर्माण झालेल्या बदलांचा उपयोग करून ‘रतन’ हा वाण काढला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे वाण दिले. या तिन्ही वाणांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली आणण्यात यश आले. कोरडवाहू प्रदेशांसाठी काम करणाऱ्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही कमी विषाचे वाण तयार करण्यास मदत केली. सीरियातील युद्धात अलेप्पोजवळची तिची बियाणे पेढी हातची गेली, तेव्हा नॉर्वेतील स्वालबार्डच्या हिमगर्भ कोठारात ठेवलेले प्रतिरूप बियाणे २०१५ मध्ये बाहेर काढावे लागले. त्यात लाखोळीचाही समावेश होता. २०२३ मध्ये ब्रिटनच्या जॉन इनेस सेंटरमधील आणि त्यांच्या सहकारी संस्थांतील संशोधकांनी लाखोळीच्या जनुकसंचाच्या आधारे ओडॅप तयार होण्याचा अखेरचा टप्पा कोणती विकरे पार पाडतात, हे उलगडून दाखविले. त्यामुळे नेमक्या जनुकावर बोट ठेवून पैदास करणे आता शक्य होऊ लागले आहे.

तथापि, विष घटले म्हणजे ते संपले असे नव्हे. पाण्याचा ताण पडला किंवा जमिनीत जस्ताची कमतरता असली, तर तोच वाण अधिक ओडॅप तयार करतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि काही प्रमाणात परपरागण होते. शेजारच्या बांधीत जुना वाण असेल, तर ‘रतन’चे घरचे बी काही हंगामांनंतर ‘रतन’ राहत नाही. दाण्याकडे पाहून विषाचे प्रमाण ओळखता येत नाही, ही तिसरी अडचण. संशोधनाचे यश टिकवायचे तर दर काही वर्षांनी प्रमाणित बियाणे बदलणे आणि बाजारात तपासणी करणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही. नेमक्या याच दोन गोष्टी आपल्याकडे दुबळ्या आहेत.

वाटाण्याची सरळ वाट

या पार्श्वभूमीवर वाटाण्याची कथा सोपी वाटते. वाटाण्यात ओडॅप नाही. मेंडेलने आनुवंशिकतेचे नियम ज्या झाडावर शोधले तेच हे झाड असल्याने पैदासशास्त्राने त्याच्याकडे पूर्वीपासूनच लक्ष दिले. वेल जमिनीवर लोळून शेंगा सडत, म्हणून पानांच्या जागी ताणे असणारे वाण निवडण्यात आले. असे झाड शेजारच्या झाडाला धरून ताठ उभे राहते आणि त्याची यंत्राने कापणी करता येते. भारतात हिसारच्या कृषी विद्यापीठाचा ‘अपर्णा’ हा वाण याच धाटणीचा. भुरी रोगाला दाद न देणारे वाणही आले. कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेने या दिशेने सातत्याने काम केले आहे.

दाण्यात २० ते २५ टक्के प्रथिने, निम्म्याच्या आसपास स्टार्च आणि लायसिन या अमिनो आम्लाची मुबलकता यांमुळे युरोप व कॅनडात वाटाणा हे डुकरांचे आणि कोंबड्यांचे महत्त्वाचे खाद्य बनले. सोयापेंडीच्या आयातीवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी युरोपीय देशांनी त्याला उत्तेजन दिले. मेथिओनिन या अमिनो आम्लाची उणीव तेवढी बाहेरून भरून काढावी लागते.

भारतात मात्र वाटाण्याचा प्रश्न शेतापेक्षा बंदरात अधिक गाजतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने त्याच्यावर ५० टक्के आयातशुल्क लावले. त्यानंतर आयातीवर संख्यात्मक निर्बंध आले. डिसेंबर २०२३ मध्ये हरभरा व तुरीचे भाव चढल्यावर शुल्क शून्यावर आणण्यात आले आणि त्या सवलतीला वारंवार मुदतवाढ मिळत गेली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाची कडधान्य आयात ७० लाख टनांच्या पुढे गेली. तिच्यात सर्वांत मोठा वाटा पिवळ्या वाटाण्याचा होता. स्वस्त वाटाण्याचे पीठ बेसनात मिसळू लागले आणि हरभरा उत्पादकाच्या भावाला कात्री लागली. अखेर १ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के शुल्क आकारण्यात आले. दरम्यान बुंदेलखंडातील वाटाणा उत्पादकाने पेरणीच्या वेळी कोणता भाव गृहीत धरावा? वाटाण्याला किमान आधारभूत किंमत नाही. लाखोळीला तर नाहीच नाही.

पशुखाद्याचा मध्यममार्ग

लाखोळीबाबत पशुखाद्याचा पर्याय अनेकदा सुचविला जातो. त्याला शास्त्रीय आधार आहे. गाय, म्हैस, मेंढी यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ओडॅपचे बऱ्याच अंशी विघटन करतात. त्यामुळे रवंथ करणारी जनावरे माणसापेक्षा ते अधिक सहन करू शकतात. घोड्यांना मात्र त्यापासून अपाय झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत आणि कोंबडीची पिल्लेही संवेदनशील असतात. म्हणजे सरसकट ‘जनावरांना घाला’ असे म्हणणेही घाईचे ठरेल. कुटार आणि चुनी दुभत्या जनावरांना आजही दिली जाते. महाग पेंडीला ती पूरक ठरू शकते. धानकापणीनंतर देशात १ कोटी हेक्टरहून अधिक जमीन रब्बीत पडीक राहते, हे लक्षात घेता उतेरा पद्धतीच्या चाऱ्याचे आणि कडधान्याचे मोल मोठे आहे.

परंतु हा मार्ग प्रश्नाला बगल देणारा ठरू नये. गरीब शेतकऱ्याच्या घरात गुरांचे कोठार आणि माणसांचे कोठार वेगळे नसते. गुरांसाठी म्हणून पेरलेली जुन्या वाणाची लाखोळी वाईट वर्षात चुलीवर चढणारच. तेव्हा चाऱ्यासाठीही कमी विषाचेच बियाणे हवे.

नाव की प्रमाण?

अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांखाली १९६१ पासून लाखोळीच्या विक्रीवर निर्बंध आले. तूर आणि हरभऱ्याच्या डाळीत तिची भेसळ होत असे, हेही त्याचे एक कारण. सर्व राज्यांनी ते सारख्याच रीतीने अमलात आणले नाहीत आणि पीक शेतातून हटले नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला. २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ४७ वर्षांची बंदी उठविली. मात्र २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमावलीत लाखोळीवरील निर्बंधाचे कलम कायम राहिले. २०१६ च्या प्रारंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमी विषाच्या तीन वाणांना अनुकूलता दर्शविल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ‘विषारी डाळ ताटात येणार’ असा गदारोळ झाला. बंदी हटवा आणि बंदी ठेवा या दोन घोषणांमध्ये मधला विचार हरवला.

तो विचार असा, की नियम वनस्पतीच्या नावावर नव्हे तर विषाच्या प्रमाणावर बेतला पाहिजे. शेंगदाण्यातील बुरशीजन्य विषासाठी आपण शेंगदाण्यावर बंदी घालत नाही, अफलाटॉक्सिनची मर्यादा ठरवितो. लाखोळीसाठीही ओडॅपची कमाल मर्यादा, बाजार समितीच्या पातळीवर तपासणी आणि पिशवीवर वाणाचे नाव हे करता येण्यासारखे आहे. भिजवून, उकळून, पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो, ही माहिती अंगणवाडीपर्यंत पोहोचविता येईल. आज निर्बंध असूनही लाखोळी विकली जाते आणि खाल्ली जाते. फक्त तिची तपासणी होत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने जी वस्तू बाजारात असू नये, तिचा दर्जा कोण तपासणार? बंदीने ग्राहकाचे संरक्षण होण्याऐवजी तो बेवारस झाला आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने ११ हजार ४४० कोटी रुपयांचे कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू केले. त्याचा भर तूर, उडीद आणि मसूर यांवर आहे आणि तो योग्यही आहे. परंतु आत्मनिर्भरतेचा हिशेब मांडताना, पाण्याशिवाय आणि खताशिवाय येणारे पीक एका बाजूला आणि परदेशी वाटाण्याच्या बोटी दुसऱ्या बाजूला, हे चित्रही धोरणकर्त्यांपुढे असायला हवे. सागर-दमोहच्या शेतकऱ्याला १८३३ मध्ये पर्याय नव्हता. आज कमी विषाचे वाण हाताशी आहेत, तपासणीचे तंत्र आहे आणि ताटात घालायला इतर धान्यही आहे. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा लाखोळी पुन्हा तग धरून उभी राहील, यात शंका नाही. त्या वेळी बांधीत ‘रतन’ असेल की पूर्वीचे तेच जुने बी, हे आजच्या निर्णयांवर ठरणार आहे.