किडनीचा रुग्ण बरळतोय? आधी गोळ्यांची पिशवी तपासा

डायलिसिसवर असलेले आजोबा अचानक बरळू लागले, दिवसभर गुंगीत राहू लागले, हाताला झटके येऊन चहा सांडू लागला, की घरात म्हणतात, "वय झालं" किंवा "युरिया वाढला". काही जण "बाहेरचं" बघायलाही नेतात. चार दिवसांपूर्वी सुरू झालेली नवी गोळी मात्र कुणाला आठवत नाही.

बरीच औषधं शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनी करते. किडनी निकामी झाली की औषध रक्तात साचतं आणि मेंदूवर परिणाम करतं. पायांच्या जळजळीसाठी देतात ती गॅबापेंटिनची गोळी घ्या. निरोगी माणसाच्या रक्तात तिचं प्रमाण 5 ते 7 तासांत निम्मं होतं. लघवी बंद झालेल्या रुग्णात, डायलिसिस नसलेल्या दिवसांत, त्यालाच सुमारे 132 तास लागतात, म्हणजे साडेपाच दिवस! अशा रुग्णाला रोज तीन गोळ्या दिल्या तर काय होईल, तुम्हीच सांगा. प्रीगाबालिन, उचकीसाठी दिली जाणारी बॅक्लोफेन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि सेफेपिमचं इंजेक्शन यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. नागिणीसाठी असायक्लोविर 800 मिलिग्रॅम एरवी दिवसातून 5 वेळा देतात. किडनी पूर्ण निकामी असेल तर 2 वेळाच.

ही औषधं वाईट नाहीत. चुकतो तो डोस. दोंडाईचा परिसरातले अनेक रुग्ण डायलिसिस एका गावी करतात, हाडांच्या डॉक्टरांना दुसऱ्या गावी दाखवतात आणि मधे थेट मेडिकलवरून गोळ्या आणतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की वजन आणि बीपीसारखा ईजीएफआरचा आकडाही प्रत्येक चिठ्ठीवर हवा. नुसतं क्रिएटिनिन फसवतं. सत्तरीच्या बाईंचं क्रिएटिनिन 1.5 म्हणजे "थोडंसंच वाढलंय" असं वाटतं. प्रत्यक्षात ईजीएफआर चाळिशीच्या खाली असतो.

हा नियम होईल तेव्हा होवो. तोवर कुठल्याही दवाखान्यात जाताना शेवटचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या सोबत न्या. "किडनीचा त्रास आहे, डोस कमी करायचा का?" असं विचारायला लाजू नका. बरळणं, गुंगी, झटके किंवा फिट दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारण साखर, सोडियम किंवा लकवाही असू शकतो. गोळ्या मनानेच बंद करू नका, काही अचानक थांबवल्या तरी त्रास होतो. यातली बरीच औषधं डायलिसिसने निघून जातात. वेळेत ओळखलं तर बहुतेक रुग्ण पूर्ववत बोलू लागतात.