सैन्य वाढले, न्याय वाढला नाही

बंडखोरीने ग्रासलेल्या देशात सैन्य वाढविल्याने स्थैर्य येते काय? अफगाणिस्तानचा अलीकडचा इतिहास नकारार्थी उत्तर देतो. डिसेंबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी तेथे ३० हजार जादा सैनिक धाडण्याचे जाहीर केले. अमेरिकी सैन्य सुमारे १ लाखावर गेले. हेलमंड, कंदाहारमधील काही मुलूख तालिबानच्या हातून सुटला. परंतु सैन्यामागोमाग विश्वासार्ह न्यायव्यवस्था पोहोचली नाही. जमिनीच्या तंट्यात सरकारी अधिकारी लाच मागत, तर तालिबानचा काझी तत्काळ निवाडा देई. शेतकऱ्याने राज्य कोणाचे मानावे? १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल जवळजवळ प्रतिकाराविना पडले.

याच कंदाहारात सम्राट अशोकाचा ग्रीक व अरमाईक भाषांतील शिलालेख सापडला आहे. अशोकाने सैन्य मोडीत काढले नव्हते. मात्र कलिंगयुद्धानंतर त्याने धम्मविजयच श्रेष्ठ मानला आणि तो प्रजेशी तिच्या भाषेत बोलला. सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकत नाही, हा बाबासाहेबांचा इशाराही हेच सांगतो. सैन्य केवळ अवधी मिळवून देते. तो अवधी वाया गेला, त्याची किंमत आज सहावीनंतर शाळेची दारे बंद झालेल्या अफगाण मुली मोजत आहेत.