सुईचे घर

दिवाळीची साफसफाई निघाली की घरात दोन ढीग पडतात, एक ठेवायच्या वस्तूंचा आणि दुसरा टाकायच्या. भगिनींनो, यंदा तो दुसरा ढीग उचलण्याआधी एकवार चाळून पाहा. शिवणाच्या टोपलीत जे हवे असते त्यातले निम्मेअधिक तिथेच पडलेले असते.

आधी माझी फजिती सांगते. भंडाऱ्याच्या आमच्या जुन्या घरी शिवताना उठायची वेळ आली की मी सुई कॅलेंडरला टोचून ठेवी, नाहीतर पदराला. एका दिवाळीत ती अशीच गोधडीत राहिली आणि रात्री मोठ्या जाऊबाईंच्या मुलाच्या टाचेत मोडली. अर्धी बाहेर, अर्धी आत! नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान राहिले बाजूला, पहाटे आम्ही दवाखान्याची वाट धरली. टाच आठ दिवसांत बरी झाली. जाऊबाईंनी मात्र त्या वर्षी माझ्या हातचा अनारसा तोंडात घातला नाही. सुईला घर हवे, हे मी तेव्हा शिकले.

आमच्या जिल्ह्यात हे घर आयतेच मिळते. मोहाडी, आंधळगाव, पवनी या बाजूला कोशाचे कापड विणतात. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारी टसरची अळी जो कोष करते तो चांगला टणक असतो, सुपारीहून मोठा आणि रंगाने भुरकट. बीजासाठी राखलेल्या कोषातून पतंग बाहेर पडला की एका टोकाला भोक राहते. मग त्याचा सलग धागा निघत नाही. त्याचे हाताने जाडसर सूत काततात. असे दोन-चार फुटके कोष विणकराच्या घरी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. भोकाची कड कात्रीने सारखी करा, आत भरण घाला आणि वर चिंधीची टोपी शिवा. सुया टोचायच्या त्या या टोपीतूनच. करवतकाठी साडीच्या काठाचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्या करवतीच्या दातांची नक्षी टोपीवर फार खुलून दिसते. कोष न मिळाल्यास बरणीचे झाकण घ्या आणि त्यात भरलेली गादी घट्ट बसवा.

आता भरण कशाचे? पुष्कळजणी कापूस भरतात. मला तो पसंत नाही. कापूस हवेतला ओलावा धरतो, आणि या तलावांच्या जिल्ह्यात पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! त्यापेक्षा विंचरताना निघालेले केस भरावेत. केसांना तेलाचा अंश असतो, तो सुईला लागतो आणि गंज लांब राहतो. पूर्वी हेच केस कोनाड्यात साठवून भांडेवालीला देत. हल्ली ते केरात जातात, म्हणून आठवण केली. ऐकून कोणी नाक मुरडील तर मुरडो. वरून कापड असते, आत काय आहे ते कुणाला दिसते!

गंजलेल्या सुईसाठी निराळी थैली करावी. वैनगंगेची बारीक वाळू चाळून, तव्यावर कोरडी करून दुहेरी घट्ट कापडात शिवा. सुई आठ-दहा वेळा आत-बाहेर केली की चकचकीत होते. सुया त्यात ठेवून मात्र देऊ नका, टोक झिजेल.

साबणाची झिजून पातळ झालेली चकती फेकू नका. दोन दिवस वाळवली की गडद कापडावर खुणा करायला तिच्यासारखा खडू नाही. धुतले की खूण गेली. रेशमावर आधी आतल्या बाजूला करून पाहावी.

लग्नपत्रिकांचे जाड कागद दोन्ही कडांना खाच पाडून दोरा गुंडाळायला फार छान. माझ्या टोपलीत काळा दोरा एका वधूच्या नावावर गुंडाळलेला आहे. तिला आता नातवंडे झाली, दोरा अजून संपला नाही!

आणि बिघडलेला रेडिओ भंगारात देण्यापूर्वी त्याच्या स्पीकरचे चुंबक काढून घ्या. दोरीला बांधून, काम संपल्यावर गोधडीवरून, चटईवरून आणि जमिनीवरून ते सावकाश फिरवा. सांडलेली सुई त्याला चिकटून वर येते. आमच्याकडे हे केल्याशिवाय मुलांची अंथरुणे पडत नाहीत. एक लक्षात ठेवा, पितळी टाचणीला चुंबक धरीत नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव, पण माझ्या टोपलीत पितळी टाचणीला मी जागा देत नाही. ती हरवली तर डोळ्यांनीच शोधावी लागते.