यंत्रावरचा विश्वास: गुणांनी नव्हे, वागण्यातून

सैनिक आणि स्वायत्त यंत्रे यांच्या संयुक्त तुकडीतला विश्वास सहसा प्रश्नावलीने मोजला जातो. जियान, बिसान्त्झ आणि ड्रुरी यांनी २००० साली मांडलेली बारा विधानांची श्रेणी त्यासाठी बरीच वापरात आहे. तिच्यावर विसंबणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे: सैनिकांनी दिलेले गुण चढले की तुकडी जमली.

पण जास्त विश्वास म्हणजे योग्य विश्वास नव्हे. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला रडारवेधी क्षेपणास्त्र ठरवले. ती चालवणाऱ्या तुकडीने ते मानून विमान पाडले, आणि त्यातले दोघेही मारले गेले. याच्या नेमके उलट ३ जुलै १९८८ रोजी व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेवर घडले. इराण एअरचे प्रवासी विमान वर चढत असल्याचे नौकेवरच्या एजिस या रडार व शस्त्र यंत्रणेच्या नोंदी दाखवत होत्या. नियंत्रण कक्षात मात्र ते खाली झेपावत असल्याचे सांगितले गेले. नौकेने ते पाडले आणि २९० जण गेले. एका ठिकाणी यंत्राचे ऐकले म्हणून घात झाला, दुसऱ्या ठिकाणी ऐकले नाही म्हणून. सरासरी गुणांचा आकडा या दोन चुकांत फरक करू शकत नाही.

शिवाय माणूस संकटात काय करील, हे निवांत भरलेल्या कागदावरून कळत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातील २०१६ च्या प्रयोगात आगीचा बनाव होताच लोक वाट दाखवणाऱ्या रोबोटच्या मागे गेले; त्याला आधी वाट चुकताना पाहिलेलेसुद्धा गेले. हृदयाचे ठोके मोजण्याचा पर्यायही तोकडाच, कारण रणांगणावर ते भीतीनेही वाढतात.

मोजायचे ते वागणे, आणि तेही यंत्राच्या खरेखोटेपणाशी ताडून. यंत्र बरोबर असताना सैनिकाने ते किती वेळा मानले? चुकलेले असताना किती वेळा थांबवले, आणि थांबवायला किती वेळ घेतला? प्रत्यक्ष कामगिरीत यंत्राच्या चुका विरळ असतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सरावात त्या मुद्दाम पेराव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: हाती वेळच नसलेला सैनिक विश्वास नसतानाही यंत्राचे मानतो. त्यावर उपाय एकच. तोच प्रसंग कमी आणि जास्त कामाच्या ताणात घडवून पाहायचा. फक्त घाईतच होकार मिळत असेल तर तो नाइलाज म्हणून नोंदवायचा. सैनिक एकमेकांचे पाहून मत बनवतात, तेव्हा एकेकट्याच्या नोंदी पुरत नाहीत. पूर्ण तुकडी एकत्र तपासावी लागते. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा बदल झाला, की त्याच्या चुकांचे स्वरूपही बदलू शकते आणि सारी मोजणी पुन्हा करावी लागते.