स्लो आहे म्हणून नाही, परका आहे म्हणून!

सोनम कपूरच्या ‘ब्लाइंड’चा (२०२३) विषय निघाला की जो तो एकच म्हणतो, "बोअर आहे रे, फार स्लो!" मंडळी, स्लो असणं हा गुन्हा नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

बोंग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) आठवा. तोही संथच. पण कोरियातल्या ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ मध्ये खरोखरच बायकांचे खून पडत होते, आणि खुनी कोण हे डीएनएवरून कळायला २०१९ उजाडलं! तपासच रखडलेला, मग पिक्चर कशाला धावेल? तो संथपणा तिथल्या मातीतून आलेला.

आता ‘ब्लाइंड’. मूळ पिक्चर कोरियन, २०११ चा. दृष्टी गेलेली एक मुलगी, पूर्वी पोलिसाचं ट्रेनिंग घेतलेली. पावसाच्या रात्री टॅक्सी समजून भलत्याच गाडीत बसते. गाडी कशाला तरी धडकते. ड्रायव्हर म्हणतो, कुत्रं होतं. हिला वाटतं, माणूस होता. पोलिसांत जाते, तर जिला दिसतच नाही ती साक्ष काय देणार, असा सगळा सूर. पिक्चरचा जीव इथे आहे. खुनी कोण, यात नाही.

हा जीव कुठेही रुजतो. त्याच दिग्दर्शकाने तो २०१५ मध्ये चीनला नेला, २०१९ मध्ये जपानी आवृत्ती निघाली, २०२१ मध्ये नयनताराने तमिळमध्ये केला. आणि आपले हिंदीवाले? कोरियातून उचलला आणि नेऊन ठेवला थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला!! म्हणजे कोड एकाचा, सर्व्हर दुसरीकडे, आणि युजर बिचारा जळगावात.

कोणी म्हणेल, थ्रिलर कुठेही घडू शकतो, काय फरक पडतो? पडतो राव. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या काळीपिवळीत बसून बघा. एरंडोल यायच्या आत शेजारच्या मावशी विचारतात, "तू कोना पोऱ्या शे?" पारोळ्यापर्यंत आडनाव, नोकरी, पगार, सगळं बाहेर. इथे अनोळखी खुनी लपवायचा तर लेखकाला डोकं लावावं लागेल.

आणि इथे साक्षीदारही अनोळखी राहत नाही. खरी भीती ती आहे. १९९४ चं जळगावचं वासनाकांड माझ्या जन्माआधीचं, पण घरात अजून दबक्या आवाजातच निघतं. मुलींना ब्लॅकमेल केल्याचं ते प्रकरण राज्यभर गाजलं, पण तक्रार द्यायला पुढे आल्या त्या फार थोड्या. नाव फुटलं तर पुढे काय, हा धाक. कोरियातल्या त्या मुलीला दिसत नाही म्हणून तिच्यावर विश्वास नाही. आपल्याकडच्या मुलींकडे सगळं गाव बघतं म्हणून त्यांचं तोंड बंद. पोलीस स्टेशनची पायरी दोघींनाही सारखीच उंच.

एवढा कच्चा माल घरात असताना ग्लासगो कशाला हवं? तिथे पैसे वाचत असतील, शूटिंगला कटकट कमी असेल, मान्य. पण मग प्रेक्षकाला पेशन्स नाही म्हणून रडू नका. आम्ही गावच्या पारावर तासन्‌तास बसणारी माणसं, पेशन्सचं आम्हाला काय सांगता?

रिमेक करा, खुशाल करा. फक्त गोष्टीबरोबर तिचं गावही बदला, आणि त्या मुलीला आपल्याकडच्या ठाणे अंमलदारासमोर बसवा. मग चालू द्या अडीच तास संथ. कळण्याची भाकरी बांधून घेऊन येतो आम्ही.